दहीहंडीच्या जखमा: अंश सगळ्यांना माहीत, छेद कुणालाच नाही

कोपरीत राहणाऱ्याला दहीहंडी बघायला फार लांब जावं लागत नाही. स्टेशनचा पूल ओलांडून पश्चिमेला उतरलं की चालत टेंभी नाका, थोडं पुढे नौपाडा, रिक्षा मिळालीच तर वर्तकनगर. २०१२ मध्ये जय जवान पथकाने १३.३४ मीटरचे नऊ थर लावले ते ठाण्यातच, आणि २०२५ मध्ये कोकण नगर पथकाने दहा थर लावले तेही ठाण्यातच. या शहराला थरांचा आकडा पाठ असतो.

दुसऱ्या दिवशी मात्र वेगळा आकडा येतो. 'मुंबईत इतके गोविंदा जखमी.' २०२४ मध्ये हा आकडा २४५ होता, २०२५ मध्ये ३१८. म्हणजे सुमारे ३० टक्के वाढ. आता तुम्ही संशोधनाची तयारी करताय, म्हणून आधी एक प्रश्न: या दोन आकड्यांवरून दहीहंडी एका वर्षात ३० टक्के जास्त धोकादायक झाली, असं म्हणता येईल का?

नाही म्हणता येणार. कारण हा फक्त अंश आहे, छेद नाही. शाळेतल्या अपूर्णांकांसारखंच आहे हे. ३१८ भागिले किती? किती गोविंदा उतरले होते, किती वेळा थर लावले, किती थरांचे, किती वेळा कोसळले? २०२५ मध्ये जास्त पथकं आली असतील तर धोका तेवढाच राहूनही आकडा वाढतो. जास्त लोक महापालिकेच्या रुग्णालयात गेले असतील तरी वाढतो. आणि कमी लोकांना पण जास्त गंभीर इजा झाली असेल तर आकडा चक्क कमी होऊ शकतो, आणि आपण खूश होऊ.

अंशसुद्धा तितका स्वच्छ नाही. २०२५ च्या त्याच बातम्यांत दोन मृत्यू होते. एकात मानखुर्दला हंडीची दोरी बांधताना एक तरुण खाली पडला. दुसऱ्यात अंधेरीतला १४ वर्षांचा मुलगा, त्याला कावीळ झालेली होती, तो टेम्पोत बसलेला असताना बेशुद्ध पडला. दोघंही थरांवर नव्हते. दोन्ही मृत्यू दुःखदच, पण 'दहीहंडीतली इजा' या व्याख्येत यांतला कोणता मोजायचा? व्याख्या आधी लिहिलेली नसेल तर प्रत्येक जण आपापल्या सोयीने मोजतो. उत्सवाचा विरोधक दोन्ही धरतो, आयोजक दोन्ही वगळतो, आणि दोघांकडे 'डेटा' असतो.

हे सगळं आठवायचं कारण एक जुना पेपर. नेमाडे आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन'मध्ये दहीहंडीतल्या दुखापतींवर एक छोटा लेख लिहिला. तीनच पानं असतील, पण या विषयावर आकडे घेऊन बोलणारं लेखन इतकं थोडं आहे की त्याला टाळून पुढे जाता येत नाही. एका केंद्रातल्या १२४ रुग्णांच्या नोंदी मागे जाऊन तपासलेल्या. कुणाला काय लागलं, कुठे लागलं, थरांच्या कोणत्या टप्प्यावर लागलं. ४६ जणांना मोठी इजा, ३९ फ्रॅक्चर, डोक्याला गंभीर मार लागलेले तीन, एक मृत्यू.

मला हा पेपर आवडतो, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्याच्यावर बरीच टीका करणार आहे. सणाच्या रात्री अपघात विभागात उभं राहून, केसपेपरवर 'पडून लागले' एवढंच लिहिण्याच्या सवयीच्या वातावरणात, 'चढताना की उतरताना' हे विचारावंसं वाटणं ही मोठी गोष्ट आहे. आणि लेखकांनी स्वतःच कबूल केलंय की खरे जखमी याहून पुष्कळ जास्त असणार, कारण लोक विखुरलेल्या दवाखान्यांत जातात, किरकोळ लागलेले जातच नाहीत, आणि सगळं एकत्र नोंदवणारी केंद्रीय व्यवस्था नाही.

तरीही लहान मुलांच्या बाबतीत हा पेपर वाचताना सांभाळायला हवं. त्यात जखमींपैकी बहुतेक जण पंधरा वर्षांहून मोठे होते. हे वाक्य मी दोन वेगवेगळ्या चर्चांमध्ये 'म्हणजे लहान मुलांना एवढा धोका नाही' अशा अर्थाने वापरलेलं ऐकलंय. हीच ती चूक, आणि ती करणारे लोक शिकलेले होते.

कागद घ्या. कल्पनेतलं एक पथक धरा, १५० जणांचं. त्यात वर चढणारी लहान मुलं तीन. म्हणजे पथकात मुलांचं प्रमाण २ टक्के. आता समजा जखमींमध्ये मुलं फक्त १० टक्के निघाली. शंभरात नव्वद जखमी मोठे! बातमी होईल, 'बहुतेक जखमी प्रौढ'. पण जे पथकात २ टक्के आहेत ते जखमींत १० टक्के आहेत, म्हणजे एका मुलाच्या वाट्याला येणारा धोका सरासरीच्या पाचपट. आकडे माझे, कल्पित आहेत. खरे काहीही असतील. मुद्दा एवढाच की 'जखमींमध्ये मुलं किती' आणि 'मुलांपैकी जखमी किती' हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि रुग्णालयाच्या नोंदी फक्त पहिल्याचं उत्तर देतात. दुसऱ्यासाठी मैदानावर जावं लागतं. मुलाखतीत कुणी 'रेट आणि प्रपोर्शनमधला फरक सांगा' म्हटलं तर हे उदाहरण द्या, विसरणार नाही.

मैदानावर जायचं म्हणजे कधी? इथे माझा स्वतःचा एक छोटा पुरावा आहे. मी दहा वर्षांचा असताना गल्लीतल्या पथकात वरून दुसरा असायचो. सराव गुरुपौर्णिमेपासून सुरू व्हायचा, रात्री जेवणं उरकल्यावर. एका रात्री पाच थर उतरवताना खालचा एक जण हलला आणि माझा डावा हात मनगटात मोडला. दादाने दवाखान्याच्या दारातच बजावलं, "पायऱ्यांवरून पडलो म्हणायचं." मी तसंच म्हटलं. आईलाही तसंच सांगितलं, तिला ते कितपत पटलं कोण जाणे. तो दिवस दहीहंडीचा नव्हता, दवाखाना छोटा खासगी होता आणि कारण खोटं होतं. म्हणजे माझं मनगट कुठल्याही वर्षीच्या, कुठल्याही आकड्यात नाही. तो दादा वाईट माणूस नव्हता. त्याला पथक बंद पडायची भीती होती.

सणाच्या दिवशी मोजणाऱ्या प्रत्येक आकड्यातून सरावाचे पाच-साडेपाच आठवडे असे गळून जातात. २०१४ मध्ये नवी मुंबईत १४ वर्षांचा मुलगा सरावात पडून गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये दहिसरला ११ वर्षांचा मुलगा गेला, तोही सरावात, सणाच्या काही दिवस आधी. सरावाला ना मंडप, ना रुग्णवाहिका, ना कॅमेरे. बहुतेक वेळा मॅटसुद्धा नाही, खाली डांबर किंवा पेव्हर ब्लॉक.

आता त्या पेपरातल्या ज्या ओळीसाठी मी हे सगळं लिहितोय, ती ओळ. निम्म्याहून अधिक, ५१.६ टक्के, जखमी थर उतरवताना जखमी झाले होते.

चढताना नाही, हंडी फोडताना नाही, उतरताना. हे वाचल्यावर मी थोडा वेळ थांबलो होतो, कारण माझं मनगटही उतरतानाच गेलं होतं. (एक उदाहरण म्हणजे पुरावा नाही, माहीत आहे. पण प्रश्न सुचायला एक उदाहरण पुरतं.) उतरताना काय होतं ते कुठल्याही मैदानावर उभं राहून दिसतं. खालच्यांचे खांदे तोवर मिनिट-दोन मिनिटं वजन पेलून थरथरत असतात. अंगावर पाणी मारलेलं असतं, पाय सरकतात. चढणाऱ्याला पुढची पकड डोळ्यांसमोर असते, उतरणाऱ्याला पायाने चाचपत शोधावी लागते. आणि सगळ्यात मोठं कारण मला वाटतं ते शरीराचं नाहीच. वरच्या पोराने हात वर करून सलामी दिली की स्पीकरवर आकडा पुकारला जातो, डीजे वाजतो, खाली जल्लोष. बघणाऱ्यांसाठी खेळ संपला. मी जितक्या ठिकाणी उभा राहिलोय तिथे बक्षीस लागलेल्या थरांना मिळताना पाहिलंय. उतरण्याला कुणी गुण दिलेले पाहिले नाहीत. खेळाचा जो अर्धा भाग जास्त जखमी करतो तो अर्धा कुणाच्या हिशेबातच नाही.

ही माझी मांडणी आहे, पेपरातली नाही. पेपरात पुन्हा तोच छेदाचा प्रश्न: पथकं उतरण्यात किती वेळ घालवतात? चढायला आणि उतरायला समान वेळ लागत असेल तर ५१.६ टक्के म्हणजे दोन्हींत विशेष फरकच नाही. पण उतरणं चढण्याच्या निम्म्या वेळात उरकत असेल, तर मिनिटामागचा धोका दुपटीच्या आसपास जातो. एका स्टॉपवॉचने सुटणारा प्रश्न आहे. बारा-तेरा वर्षं झाली पेपरला.

आपली सार्वजनिक चर्चा कशावर झाली ते बघा. ऑगस्ट २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने १८ वर्षांखालच्यांना बंदी आणि २० फुटांची मर्यादा घातली. काही दिवसांतच सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, १२ वर्षांखालच्यांची बंदी तेवढी राहिली. ऑगस्ट २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच पुन्हा १८ वर्षं आणि २० फूट कायम केले. त्या वर्षी ठाण्यात नौपाड्याच्या भगवती मैदानावर ही मर्यादा उघडपणे मोडून नऊ थर लागले. ऑगस्ट २०१७ मध्ये उच्च न्यायालयात वय १४ वर आलं आणि उंचीची मर्यादा गेली. वय आणि उंची, उंची आणि वय. दोन्ही महत्त्वाचे, वाद नाही. पण दोन्ही फक्त 'कोण चढणार आणि किती' याबद्दल आहेत. उतरण्याबद्दल आणि सरावाबद्दल भांडण झालंच नाही.

उंचीचंही गणित एकदा करून बघा, बारावीचं आहे. २० फूट म्हणजे ६.१ मीटर. तिथून मुक्तपणे पडणारी वस्तू जमिनीला ताशी ३९ किलोमीटरच्या वेगाने लागते. १३.३४ मीटरवरून ताशी ५८. म्हणजे न्यायालयाने घातलेली 'सुरक्षित' उंचीसुद्धा सुरक्षित नाही, फक्त कमी भयंकर आहे. आणि मुलांच्या डोक्यावर जे सायकलचं हेल्मेट चढवतात, त्याची युरोपीय मानकातली मुख्य चाचणी साधारण दीड मीटरवरून पडण्याइतक्या वेगाची असते, ताशी साडेएकोणीस किलोमीटर. ऊर्जा उंचीच्या प्रमाणात वाढते, म्हणजे २० फुटांवरून चौपट. अर्थात मूल मुक्तपणे पडत नाही. ते माणसांवर आपटत, घसरत, बऱ्याचदा कुणाच्या तरी हातात येतं. म्हणून हेल्मेट निरुपयोगी म्हणणं चूक आहे. पण हेल्मेट घातलं की काम झालं असं समजणंही चूकच. खरं काम वरून बांधलेली दोरी आणि खालचा माणसांचा गराडा करतो, आणि यातल्या कशाने किती फरक पडतो हे ठाण्याच्या मैदानांवर मोजलेलं मला कुठे सापडलेलं नाही.

इथे स्पेनमधल्या कातालोनियाचं नाव घ्यावंच लागतं. तिथे माणसांचे मनोरे रचतात, त्यांना कास्तेल म्हणतात, आणि सगळ्यात वर तिथेही लहान मूलच चढतं. मला त्यांच्याकडे दोन गोष्टी हेवा वाटण्यासारख्या दिसतात. २००६ मध्ये मातारो गावात बारा वर्षांची मुलगी मनोऱ्यावरून पडून गेली. त्यानंतर पथकांच्या संघटनेने वरच्या मुलांसाठी खास हेल्मेट पुढे आणलं आणि ते रूढ झालं. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. त्यांच्या हिशेबात 'रचला' आणि 'रचून नीट उतरवला' या दोन वेगळ्या नोंदी आहेत. तारागोनाच्या स्पर्धेत नीट उतरवलेल्या मनोऱ्याला जास्त गुण मिळतात. नुसता रचून कोसळला तर कमी. आणि रचायचा प्रयत्न केला ते, उतरवलं ते, कोसळलं ते, असं सगळं लिहिलेलं असल्यामुळे शंभर मनोऱ्यांत किती कोसळले हे ते सांगू शकतात. त्यांच्याकडे छेद आहे. तो कुठल्या विद्यापीठाने शोधून काढलेला नाही, हौशी लोकांनी वहीत लिहून ठेवलाय.

'ते युरोप आहे हो,' असं कुणी म्हणालं तर मला पटत नाही. आपल्याकडे क्रिकेटच्या गल्लीतल्या मॅचचा स्कोअर चॉकने भिंतीवर लिहितात. नोंद करणं आपल्याला येतं. आपण फक्त जिंकण्याचीच नोंद करतो.

एक संधी तर हातातून गेलीच. चार वर्षांत चार वेळा नियम बदलले: १८, १२, पुन्हा १८, मग १४. मग २०२० आणि २०२१ मध्ये कोविडमुळे सार्वजनिक दहीहंडी झालीच नाही, आणि २०२२ मध्ये दोन वर्षं सरावाबाहेर असलेली पथकं एकदम मैदानात आली. संशोधकाच्या भाषेत याला नैसर्गिक प्रयोग म्हणतात; नियम आपण बदलायचा नाही, दुसऱ्या कुणी बदलतं, आपण आधी आणि नंतर मोजायचं. १९९२ मध्ये व्हान मेखेलेन आणि सहकाऱ्यांनी खेळातल्या दुखापती रोखण्याचा जो चार पायऱ्यांचा क्रम मांडला तो तुम्ही वाचला असेल: दुखापती किती ते मोजा, का होतात ते शोधा, उपाय करा, आणि पुन्हा पहिल्या पायरीवर येऊन मोजा. आपण थेट तिसऱ्या पायरीवर चार वेळा उडी मारली. चौथीवर कुणी गेलं नाही, कारण पहिलीच नव्हती. १४ वर्षांची अट १८ पेक्षा वाईट की बरी, याचं उत्तर आज आकड्यांत देता येत नाही, आणि मागे जाऊन ते मिळवताही येणार नाही.

२०२५ मध्ये सरकारने दीड लाख गोविंदांना विम्याचं कवच द्यायचं ठरवलं. माझ्या ओळखीतले लोक यावर राजकारणाच्या अंगाने बोलले. मला त्यात एक नोंदवही दिसली: नाव, वय, पथक. छेदासारखं काहीतरी. पुरेसा नाही, कारण एकच थर लावलेला आणि वीस ठिकाणी लावलेला दोघंही त्यात एकेकच मोजले जातात. शिवाय १४ खालचं मूल त्या यादीत येणारच नाही, म्हणजे ज्याच्याबद्दल सगळ्यात जास्त कळायला हवं तेच अदृश्य. कायद्याने वय ठरवलं की त्याखालची मुलं मैदानावरून जातीलच असं नाही, कागदावरून मात्र नक्की जातात. दहिसरचा मुलगा अकराचा होता.

मी हे सगळं आमच्या भागातल्या एका जुन्या प्रशिक्षकाला सांगून पाहिलं. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "तू मोजशील, पेपरात छापशील, आणि पुढच्या वर्षी आमच्यावर बंदी येईल. मग माझी पोरं कुठे जाणार? दारूच्या दुकानात?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. त्याची भीती खोटी नाही. २०१४ पासूनचा अनुभव त्याला तेच सांगतो. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "पण उतरताना पडतात हे खरंय. वर गेलं पोरगं की खालच्यांचं लक्षच उडतं." दुखापतीचा अभ्यास ज्यांच्यावर करायचा त्यांना त्यातून पहिल्यांदा शिक्षाच मिळणार असेल, तर ते पायऱ्यांवरूनच पडत राहणार.

तुमच्यापैकी कुणाला एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला छोटा, प्रामाणिक विषय हवा असेल तर हा घ्या. एक मैदान, दोन माणसं, एक वही, एक घड्याळ, गुरुपौर्णिमेपासून गोपाळकाल्यापर्यंत. प्रत्येक प्रयत्नाला एक ओळ: किती थर ठरवले, किती लागले, चढायला किती सेकंद, उतरायला किती, नीट उतरले की कोसळले, कोसळले तर कोणत्या टप्प्यावर, खाली जमीन कसली, दोरी होती का. कुणाला लागलं असेल तर दुसऱ्या दिवशी घरी फोन, कारण सुजलेला घोटा रात्री कळत नाही. नावं लिहायची नाहीत. व्याख्या पहिल्या दिवसाच्या आधी लिहून सही करून ठेवायची, नंतर बदलायची नाही.

एक अडचण कुठल्याच पुस्तकात सोडवलेली मिळणार नाही. तुम्ही वही घेऊन उभे आहात आणि चौथ्या थरावर दहा वर्षांचं पोर चढतंय. बोललात तर पथक तुम्हाला उद्यापासून उभं करणार नाही, अभ्यास तिथेच संपला. गप्प राहिलात तर तुम्ही नुसते बघे. माझं मत स्पष्ट आहे: वही मिटायची, पोराला खाली उतरवायला सांगायचं, अभ्यास गेला तर गेला. पण हे त्या रात्री ठरवायचं नसतं. पथकाशी बोलतानाच पहिल्या दिवशी हे सांगायचं, प्रस्तावात लिहायचं, आणि गाइडची त्यावर सही घ्यायची. अभ्यासात अल्पवयीन मुलं असल्यामुळे पालकांची लेखी संमती लागते आणि मुलांचा स्वतःचा होकारही. आणि एथिक्स कमिटीची परवानगी महिन्याभरात मिळेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. गुरुपौर्णिमा आषाढात येते, अर्ज जानेवारीतच टाका.